जांभूळबीचा अर्क अल्फा-ग्लुकोसिडेज (शर्करा फोडून ग्लुकोज सोडणारं एन्झाइम) रोखण्यात अकार्बोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा सरस दिसतोय, खरं मानावं का?

लगेच नको. आधी एन्झाइम कुठलं आहे ते बघा. प्रयोगशाळेत सर्रास वापरतात ते यीस्टचं असतं, आणि अकार्बोज त्याला जेमतेम रोखतं. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या एन्झाइमवर मात्र ते जोरात चालतं. त्यामुळे यीस्टवर अकार्बोजला हरवणं ही काही मोठी मजल नव्हे. उंदराच्या आतड्याची अ‍ॅसिटोन पावडर (आतड्याची सुकवलेली भुकटी) फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात (पीएच 6.8), कालवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रव घ्या आणि माल्टोजवर चाचणी करा. ट्रिस बफर टाळा. तो स्वतःच हे एन्झाइम दाबतो.

दुसरा घोळ टॅनिनचा. जांभूळबीत ते भरपूर असतं आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. ओळखायचं कसं? ट्रायटन एक्स-100 (एक डिटर्जंट) 0.01% घालून तीच चाचणी पुन्हा करा. रोध बराच घटला, तर ती बहुधा नुसती चिकटाचिकट होती. पीव्हीपीपीने (टॅनिन शोषून घेणारं न विरघळणारं पॉलिमर) टॅनिन काढूनही एकदा बघा.

माल्टोजऐवजी पीएनपीजी (एन्झाइमने फोडल्यावर पिवळा रंग देणारं संयुग) वापरत असाल तर पिवळा रंग 405 नॅनोमीटरला मोजता, आणि अर्क स्वतःच तपकिरी! म्हणून प्रत्येक तीव्रतेला एन्झाइमविना ब्लँक (वजा करायचं कोरं मोजमाप) हवाच. सोडियम कार्बोनेटने अभिक्रिया थांबवली की पॉलिफेनॉल आणखी काळवंडतात, तेव्हा ब्लँकमध्येही तेवढंच कार्बोनेट घाला. डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक) सगळीकडे सारखा ठेवा, कंट्रोलमध्येसुद्धा.

एवढ्यातून अर्क तरला, तर मग आयसी50 (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी तीव्रता) काढा.