मिठाची खोली की मिठाचं पाणी?

प्रश्न : अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. नाक कायम चोंदलेलं असतं, पाळी संपेपर्यंत छाती आवळते. डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिलाय. मेहुणा म्हणतो, मिठाच्या खोलीत बसलं की पंप सुटतो. खरं का? हातापायाची कातडीही कोरडी पडून खाजते. मिठाच्या पाण्याने अंघोळ चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पंप सोडू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

मिठाच्या खोलीची कल्पना पोलंडमधल्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीतली. तिथले डॉक्टर फेलिक्स बोचकोव्स्की यांनी १८४३ मध्ये त्यावर लिहिलं. आजच्या खोलीत भिंतीवरचं मीठ शोभेचं असतं. काम असतं ते यंत्राचं. ते कोरडं मीठ दळून १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण हवेत सोडतं. त्याहून जाड कण नाकाघशातच अडकतात. यंत्र नसेल तर पैसे फुकट गेले. मिठाच्या दिव्याचंही तेच, त्यातून मीठ हवेत येत नाही.

यंत्र असलं तरी दमा बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. उलट, तीव्र मिठाच्या फवाऱ्याने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आकसतात. दम्याच्या एका तपासणीत ४.५ टक्के मिठाचं पाणी मुद्दाम हुंगवतात ते त्यासाठीच. जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि पंप खिशात ठेवा.

नाकासाठी मात्र मिठाचं पाणी खरंच उपयोगी आहे, कारण नाकात साचलेले सुताचे तंतू त्याने धुऊन निघतात. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळल्यावर आणखी ३ मिनिटं उकळा, झाकून कोमट होऊ द्या. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, पिंपात साठतं. असं पाणी न उकळता नाकात घालणं धोक्याचं. क्वचित का होईना, त्यातला अमीबा नाकातून मेंदूपर्यंत पोचतो. फिल्टरचं पाणीही उकळाच. त्या अर्धा लिटर कोमट पाण्यात ४.५ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या चमच्याने पाऊण सपाट चमचा, आयोडीन नसलेलं बारीक मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं.

पाळीवरून आल्यावर बेसिनवर वाका, मान तिरकी करा, तोंडाने श्वास घ्या. जलनेतीच्या भांड्याने वरच्या नाकपुडीत पाणी सोडा, खालच्या नाकपुडीतून ते येईल. एका बाजूला १२० मिली पुरे. बहुतेकांचं चुकतं ते नंतर: एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरतात आणि पाणी कानाकडे सरकतं. दोन्ही मोकळ्या ठेवून हळू शिंकरा. नाक पुरतं बंद असेल त्या दिवशी जबरदस्ती नको. उरलेलं पाणी फेकून द्या, भांडं धुऊन कोरडं ठेवा.

कातडीला मीठ नको, ते आणखी कोरडी करेल. भेगा असतील तर आग होईल. खाऱ्या मृत समुद्राकाठी सोरायसिस या त्वचारोगाला उतार पडतो त्यात तिथल्या उन्हाचाही वाटा असतो, तो बादलीत येत नाही. कोमट पाण्याने १० मिनिटांत अंघोळ आटपा आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. चट्टे, खपल्या असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते का, हे महिनाभर कॅलेंडरवर खुणा करून पाहा. तसं असेल तर कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची शंका घ्यावी लागते. पुढच्या भेटीत ते कॅलेंडर दाखवा, यंत्रमागावर काम करता हे स्पष्ट सांगा आणि पाळीआधी व पाळीनंतर फुंकण्याची तपासणी करून मागा.