कुठं थांबलात?

बाळासाहेब पहिल्यांदा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आले ते बाजाराची जाड पिशवी घेऊन. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. अकरा पुस्तकं निघाली. सवयी बदला, विचार बदला, पन्नाशीनंतर नवी सुरुवात करा, सगळी त्याच जातीची. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं एकेक करून पाठवलेली.

त्यांचा उद्यमनगरात तीस वर्षं लेथचा, म्हणजे हातानं चालवून धातू कातायच्या यंत्रांचा शेड होता. हळूहळू कामं सीएनसीवाल्यांकडं, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारी यंत्रं असलेल्यांकडं गेली, गेल्या वर्षी त्यांनी दोन्ही मशिनं विकून टाकली. वय ५४.

"मॅडम, पुस्तक वाचलं की दोन दिवस अंगात वारं भरल्यागत हुतंय. तिसऱ्या दिवशी परत हाय तिथंच. माझ्यातच काय खोट हाय का ओ?"

या प्रश्नासाठी लेथ चालवलेलं असावं लागत नाही. नवरा गेल्यावर दुकान सांभाळायला बसलेली बाई हेच विचारते, घटस्फोटानंतर माहेरी आलेली मुलगीही. शब्द फक्त वेगळे.

मी आधी पुस्तकं बाजूला सारली आणि झोप, जेवण, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन खचलेलं असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर मी पुस्तकाचं नावही काढत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवते. बाळासाहेबांची झोप ठीक होती. दोन वेळचं जेवत होते, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारत होते. अडकले होते, एवढंच.

मग मी पुस्तकं चाळली. पिवळ्या पेननं ओळीच्या ओळी रंगवलेल्या, पण सगळ्या पहिल्या तीस-चाळीस पानांत. पुढची पानं कोरी करकरीत, काही तर अजून एकमेकांना चिकटलेली. सोबत एक वही होती, तिच्यात संकल्प. पहाटे पाचला उठणार. रोज नवीन काहीतरी शिकणार. 'काहीतरी' या शब्दाखाली दोन रेघा.

माझा अनुभव असा, की असलं पुस्तक वाचताना येणारा उत्साह खोटा नसतो, पण तो फसवतो. ठरवलं, लिहिलं, की निम्मं काम उरकल्यासारखं वाटायला लागतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय. नुसतं 'मी करीन' म्हणण्यापेक्षा कधी, कुठं, कशाच्या पाठोपाठ हे आधीच ठरवून ठेवलेलं काम पार पडायची शक्यता जास्त. मी बाळासाहेबांना हे समजावलं. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मला हसू आलं, त्यांनाही.

पुढची चूक माझी. मी त्यांना माझ्या आवडीचं एक चरित्र वाचायला दिलं. पंधरा दिवसांनी ते पुसून-बिसून परत आलं. "चांगलं हाय, पण तुमच्या आवडीचं हाय हे." तेव्हापासून मी कुणाला पुस्तक सुचवायच्या भानगडीत पडत नाही. वाचनालयात जा, कपाटांसमोर उभं राहा आणि हात जाईल ते घ्या, एवढंच सांगते. कोल्हापुरात त्याची ददात नाही. करवीर नगर वाचन मंदिरच १८५० सालचं आहे.

बाळासाहेबांचा हात आनंद यादवांच्या 'झोंबी'वर गेला. लेखक कागलचा, म्हणजे इथून वीसेक किलोमीटरवरचा, आणि भाषा घरातली. शिकायची ओढ असलेलं पोरगं आणि त्याला शाळेतून काढून रानात जुंपणारा बाप. यशस्वी व्हायच्या पायऱ्या त्यात कुठंच नाहीत.

त्या वेळी मी 'काय शिकलात?' हे विचारलंच नाही. त्या प्रश्नाला सगळे शाळेतल्यासारखं उत्तर देतात. मी विचारलं, "वाचताना कुठं थांबलात?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाप पोराला शाळेतनं वढून आणतोय तिथं." मला वाटलं, यांचंही शिक्षण असंच सुटलं असणार. सांत्वनाचं वाक्य ओठावर आलं होतं. गिळलं ते बरं झालं.

"त्यो बाप म्हंजे मीच की ओ. माझ्याकडं एक हेल्पर पोरगं हुतं. सीएनसीच्या क्लासला जातो म्हणालं. मी म्हटलं, हातातलं काम कर आधी, असली थेरं नगंत. सा महिन्यांत सोडून गेलं. आता शिरोलीत सीएनसीवर हाय."

या आठवणीपर्यंत त्यांना कुठल्या उपदेशानं आणलं असतं, मला माहीत नाही. ज्या यंत्रानं धंदा खाल्ला म्हणत होते, त्याच्याशी त्यांचं भांडण बरंच जुनं निघालं.

त्या दिवशी आम्ही एकच गोष्ट ठरवली. गुरुवारी, रंकाळ्याची फेरी झाली की तिथल्याच बाकावर बसून त्या पोराला फोन लावायचा. माफी मागायची की नुसती चौकशी करायची, ते ठरवलं नाही. फोन लागला. पोरगं म्हणालं, "शेठ, रविवारी या की."

पहिल्याच रविवारी त्यांनी एक टूल तोडलं. पोरगं काही बोललं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. पण पुढच्या रविवारी परत गेले, त्याच्या पुढच्याही. नोकरी मिळेल का, स्वतःचं मशीन परवडेल का, या वयात डोळे साथ देतील का, यातलं काहीच अजून सुटलेलं नाही. दर वेळी आम्ही त्यावर बोलतो.

परवा आले तेव्हा वही तीच होती, पान नवीन. वर तारीख, खाली ठसठशीत अक्षरात सीएनसीला द्यायच्या आज्ञांच्या दोनच ओळी:

जी ०० : न कापता झपाट्यानं सरकणं.
जी ०१ : कापत, ठरल्या चालीनं सरकणं.

"आणि 'झोंबी'?" मी विचारलं.

"साठ पानं राहिल्यात. मुदत उलटली, दंड भरून परत माझ्याच नावावर घेतलंय."