सेल्फ मारल्यावर गाडी उशिरा उठते?
भाऊ, लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी कान द्या: सेल्फ जड फिरतोय, की झपाझप फिरूनही इंजिन पकडत नाही?

जड फिरत असेल तर बोनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडतात तिथे, पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी निगेटिव्ह (−) वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करून घट्ट आवळा. परभणीच्या उन्हाने बॅटरी आतून खंगते, त्रास मात्र डिसेंबरच्या पहाटे दाखवते. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत; सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी थकली समजा. माझ्या गाडीत नवी बॅटरी टाकूनही दुखणं तेच. दोष निघाला सैल अर्थच्या वायरीत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणाऱ्या वायरीत.

झपाझप फिरत असेल तर पेट्रोल गाडीत चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, मागून पंपाची घूंऽ ऐका, मग सेल्फ मारा. लगेच उठली तर पेट्रोलचं प्रेशर रात्री उतरतंय.