आधी दाण्यांचा डबा लपवा

प्रश्न : काका, आमच्याकडे दोन फुटांची टाकी आहे. आठ गप्पी, सहा टेट्रा. दिवाळीत व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची एक जुडी आणून लावली, तिच्याबरोबर एखाद-दुसरी गोगलगाय आली असावी. आता काचेतून मासे दिसेनात, इतक्या झाल्यात. दुकानदार म्हणतो, औषध घाला, नाहीतर गोगलगायी खाणारा झेब्रा लोच मासा सोडा. सासूबाईंना घरात जीवहत्या नको. काय करावं? टाकीची काळजी मी नीट घेते. दिवसातून तीनदा दाणे घालते, मुलगा शाळेतून आला की तोही थोडे घालतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तीनदा तुम्ही आणि वर चिरंजीव! चौदा चिमुकले मासे, त्यांची पोटं ती केवढी? उरलेले दाणे वाळूत जातात आणि दिवा मालवला की गोगलगायींची पंगत बसते. त्या आल्या जुडीबरोबर, पण वाढवल्या तुम्ही. रागावू नका, मीही वाढवल्यात.

आधी जात ओळखा. एक उचलून शंखाचं टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर ती ब्लॅडर स्नेल, डावखुरी. जिलबीसारखी चपटी गुंडाळी असेल तर रॅम्सहॉर्न. लांबट, कुल्फीच्या कोनासारखी असेल तर ट्रम्पेट. पहिल्या दोघी अंडी घालतात. व्हॅलिस्नेरियाचं पान उलटून बघा, शिजलेल्या साबुदाण्यासारखा एक चिकट थेंब दिसेल. भिंग लावलंत तर त्यात बारीक ठिपके दिसतात, आणि चार-पाच दिवसांनी ते ठिपके आतल्या आत गोल फिरू लागतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा गार झाला होता. या दोघींत प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही, त्यामुळे जुडीबरोबर एकच आली तरी पुरते. ट्रम्पेट तर नराशिवायच पिल्लं देते, अंड्यांची भानगडच नाही. ती दिवसा वाळूत असते, वाळू उकरत राहते, मी तिच्या वाटेला जात नाही. मात्र ट्रम्पेट भरदुपारी घोळक्याने काचेवर चढू लागल्या तर पाणी बिघडलंय असं समजा.

आता औषध. गोगलगायी मारण्याच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. पंधरा वर्षांपूर्वी एका दुकानातून मी तसली निळी बाटली आणली आणि रात्री टोपण मोजून टाकीत ओतली. सकाळी एकही गोगलगाय हलत नव्हती, मी खूश. संध्याकाळी पाणी ताकासारखं झालं. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बोंबलाच्या टोपलीसारखा वास, आणि टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताहेत. गोगलगायी मेल्या होत्या पण वाळूतच होत्या. शेकडो एकदम सडल्या की अमोनिया वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. अकरा टेट्रा गेल्या, कोळंब्या तर तांब्यानेच आधी संपल्या होत्या. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काही खोटं नाही. सासूबाईंचं ऐका, औषध नको.

लोचबद्दल जरा रागानेच लिहितो. झेब्रा लोच हा आपल्या सह्याद्रीतून वाहणाऱ्या नद्यांतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. जगात इतरत्र तो निसर्गात सापडत नाही आणि धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे. दुकानात जो येतो, तो नदीतून उपसलेला असू शकतो. शिवाय तो एकटा राहत नाही, पाच-सहा जण लागतात, आणि त्यांना तुमची दोन फुटांची टाकी पुरणार नाही. सांगलीकरांनी कृष्णेचा मासा नदीतून काढून गोगलगायींसाठी डांबून ठेवायचा, हे मला पटत नाही. उद्या दुकानदार केरळचा पी पफर मासा दाखवेल. तो गोगलगायी आवडीने खातो, पण गप्पींच्या शेपट्याही कुरतडतो.

मग करायचं काय? दाण्यांचा डबा चिरंजिवांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. दिवसातून एकदा, मिनिटभरात फस्त होतील एवढेच दाणे, आणि आठवड्यातून एक दिवस माशांना चक्क उपास. एकादशी आली की सासूबाई सांगतीलच. दर आठवड्याला नळीने वाळूतला गाळ ओढत पाव टाकी पाणी बदला. आणि एक दिवसाआड रात्री, दिवा घालवल्यावर, काकडीची जाड चकती स्टीलच्या काट्याला खोचून तळाशी ठेवा. दोन-तीन तासांनी काटा अलगद उचला, चकती गोगलगायींनी काळी झालेली असेल. सकाळपर्यंत ठेवू नका, खाऊन परत जातात. पानांवरचे थेंब नखाने खरवडून काढा. हे तीन-चार आठवडे चालायचं, आठवड्यात टाकी साफ होणार नाही.

पुढची जुडी आणाल तेव्हा पाच लिटर पाण्यात तीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून तीत दोन-तीन तास बुडवा, मग स्वच्छ धुवा. अंडी त्यातूनही वाचतात, म्हणून नंतर दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून नजर टाका.

काढलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा नदीत सोडू नका. मी बारक्या चिरडून माशांनाच घालतो, तुमच्याकडे ते चालणार नाही. आमच्या हिच्यासाठी केलेला उपाय सांगतो. लोणच्याची एक रिकामी बरणी, तळाला मूठभर वाळू, हायड्रिला या पाणवनस्पतीची एक काडी, खिडकीत. पकडलेल्या गोगलगायी त्यात. खायला काही घालायचं नाही, काचेवर धरेल ते शेवाळ आणि गळालेलं पान त्यांचं. तिसरं वर्ष चालू आहे. काल मोजल्या, सतरा निघाल्या. मागच्या पावसाळ्यात एकोणीस होत्या.