पुन: एक्सबी-51चं मॉडेल एका बाजूला कलतंय

तुम्ही लिहिता की तुमचं मार्टिन कंपनीच्या एक्सबी-51 या प्रायोगिक अमेरिकी जेट बॉम्बरचं 1/72 मापाचं मॉडेल टेबलावर कलतं, पंखटोकाचं एक चाक अधांतरी राहतं, ते घासून जुळवलं की दुसरं उचलतं. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. आधी घासणं थांबवा. खोट चाकांत नाही, पंखात आहे.

सांधे भरणं, घासणं वगैरे तुम्हाला येतंच असं धरतो.

या विमानाच्या पोटाखाली एकामागे एक अशी दोन जोडचाकं आहेत, टोकांची बारीक चाकं फक्त तोल सावरायला. असं विमान धावपट्टीवर नाक वर करू शकत नाही, म्हणून मार्टिनने अख्खा पंखच पुढून उचलता येईल असा केला. सगळी गोची इथेच होते. पंख 35° मागे वळलेला, त्यामुळे मूळ (पंख धडाला जोडतो ती जागा) ते टोक 100 मिमी धरलं तर टोक मुळाच्या सुमारे 70 मिमी मागे जातं. मुळाशी पुढची कड 3° उचललीत की टोक साडेतीन मिमीहून जास्त खाली येतं. डावा-उजवा फरक एका अंशाचा असला तरी टोकाला सव्वा मिमी! त्यात पंख 6° खाली झुकलेला. तिथे एक अंश चुकला की आणखी पावणेदोन मिमी. एकेक पंख नजरेने चिकटवायचा आणि मग चाकं कापत बसायचं, हा या मॉडेलमधला सगळ्यात महागडा घोळ.

क्रम उलटा करा. आधी धड आणि पोटाखालची चाकं, काचेवर उभं करून. मग धडातून आरपार 2 मिमीची पितळी सळई, तीही 6° च्या हिशेबाने दोन्हीकडे वाकवलेली. दोन्ही पंखांखाली प्लास्टिक कार्डचे (पातळ प्लास्टिकच्या पत्र्याचे) एकाच साच्यातून कापलेले आधार ठेवा आणि दोन्ही पंख एकाच वेळी, सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवा. टोकाची चाकं सगळ्यात शेवटी, उरलेली उंची मोजून. आत्ता चिकटलेले पंख पिळून सरळ करू नका, मुळाशी तडा जातो. पातळ करवतीने सांधा कापा.

शेपटीत तिसरं इंजिन आहे, त्यामुळे रेझिनच्या भागांनी मागचं वजन वाढतं. तोल दोन जोडचाकांच्या मध्ये यायला हवा. मागच्या चाकांखाली पेन्सिल आडवी धरा, नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. वजनाला गळाची शिसं चालतात, पण पांढऱ्या लाकडी गोंदात बुडवू नका. बंद जागेत शिशावर पांढरा क्षार धरतो, फुगतो आणि धड उकलतं. तिथेही इपॉक्सीच.

पंखावर एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांच्या) लांब रेघा कोरू नका. या विमानात हवेत कलण्याचं काम स्पॉइलर, म्हणजे पंखावर वर उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, करत.

जाता जाता: मॉडेल टपालाने मागवलंत किंवा पाठवलंत तर पार्सलवर नुसतं 'बॉम्बर' लिहू देऊ नका, 'प्लास्टिकचं खेळण्यातलं मॉडेल' लिहायला सांगा. टपालाच्या खिडकीपलीकडे 'बॉम्ब' एवढंच वाचलं जातं आणि मग कुठला कागद हवा हे कुणी धड सांगत नाही. नियम बदलतात, तेव्हा हे माझं मत समजा.

हे विमान 'वाया गेलं' असं तुम्ही म्हणता ते अर्धंच खरं. वेगात ते कॅनबेरा या ब्रिटिश जेट बॉम्बरला भारी होतं, पण अमेरिकी हवाई दलाने फेब्रुवारी 1951 मध्ये दोघांची तुलना केली तेव्हा कॅनबेरा जिंकलं, कारण लक्ष्यावर रेंगाळायची ताकद आणि वळण्यातली चपळाई त्याच्याकडे होती. एक्सबी-51च्या सांगाड्याची मर्यादा 3.67 जी, म्हणजे वळताना स्वतःच्या वजनाच्या 3.67 पट भार. गंमत म्हणजे तेच कॅनबेरा बी-57 म्हणून मार्टिननेच बांधलं आणि गोल फिरणारं बॉम्बकप्प्याचं दार त्यात घातलं. 1965 च्या युद्धात पाकिस्तानने वापरलेली बी-57 तीच. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा वेगळी, ब्रिटिश बनावटीची. 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून जाऊन गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकले ते यांनीच.

एक्सबी-51 बनलेली दोनच, 46-685 आणि 46-686 क्रमांकांची, आणि दोन्ही कोसळली (1956 आणि 1952). संग्रहालयात जाऊन मोजावं असं काही उरलेलं नाही, म्हणून शेपटीवर कुठला क्रमांक लावणार ते आधी ठरवा आणि पंखाचा कोन त्याच विमानाच्या बाजूने घेतलेल्या फोटोवरून काढा. फोटो उभ्या विमानाचा असावा, उडत्याचा नको.