अंगण साफ करताना पॉयझन आयव्ही लागून पुरळ उठले आहे, काय करावे?

न्यू जर्सीतल्या घराचे अंगण साफ केल्यावर दुसऱ्या दिवशी मनगटावर ओरखड्यासारख्या रेषेत पाणीदार फोड उठले, हे तुमचे वर्णन पॉयझन आयव्हीशी तंतोतंत जुळते. तीन-तीन पानांच्या या वेलीतले उरुशिऑल नावाचे तेल त्वचेला चिकटते आणि आपल्याकडे बिब्बा उततो तसाच हा प्रकार होतो. दोन्ही वनस्पती आंबा-काजूच्याच कुळातल्या आहेत.

फोडांतल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, त्यामुळे मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही. खरा धोका हातमोजे, कात्रीची मूठ आणि बुटांच्या नाड्या यांवर राहिलेल्या तेलाचा आहे, म्हणून ते सारे आजच साबणाने स्वच्छ धुवा. गार पाण्याच्या पट्ट्या, कॅलामाइन लोशन किंवा १ टक्का हायड्रोकॉर्टिझोनचे मलम यांनी खाज शमते आणि पुरळ बहुधा २-३ आठवड्यांत ओसरते. फोड मात्र फोडू नका. चेहरा किंवा डोळे सुजले, ताप आला अथवा पू दिसला, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका.

उपटलेली वेल कृपा करून जाळू नका, कारण तिच्या धुरातून हेच तेल श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन जिवावर बेतू शकते.