साक्षीचा व्हिडिओ काढून टाकला, तर साक्ष लपवली का?

“व्हिडिओ काढला तर मला प्रभूची लाज वाटली, असं होईल का?” मंडळीचं, म्हणजे चर्चचं, यूट्यूब चॅनेल सांभाळणारी तरुण मुलं हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येतात. त्यातलं एक प्रकरण इथे देत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मंडळीतला २३ वर्षांचा तरुण. रविवारची उपासना यूट्यूबवर थेट दाखवायची आणि तिचे तुकडे रील म्हणून टाकायचे, ही त्याची सेवा. एका रविवारी एका ताईंनी नवऱ्याची दारू सुटल्याची साक्ष दिली, म्हणजे देवानं घरात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. साक्ष ११ मिनिटांची, रील ४५ सेकंदांचं. बघता बघता ते ताईंच्या सासरच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पोचलं. शाळेत मुलीला ‘बेवड्याची पोरगी’ म्हणून चिडवायला लागले आणि नवऱ्यानं उपासनेला येणं सोडलं. ताईंनी व्हिडिओ काढायला सांगितला, तेव्हा तरुण अडला. इतक्या लोकांनी खाली ‘आमेन’ लिहिलंय, मग देवाच्या कामाला कात्री कशी लावायची? त्याची झोप उडाली. मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ तर म्हणाले, चॅनेलच बंद करा.

पहिल्या भेटीत त्याला मूळ चित्रीकरण आणि रील पाठोपाठ पाहायला सांगितलं. मूळ साक्षीत व्यसनमुक्ती केंद्र होतं, डॉक्टरांची औषधं होती, मध्ये एकदा पुन्हा पिणं आणि पुन्हा दाखल होणं होतं, आणि या सगळ्यातून चाललेली प्रार्थना होती. रीलमध्ये उरलं एवढंच: “आम्ही गुडघे टेकले आणि प्रभूनं दारू सोडवली.” ताईंचा शब्द न् शब्द खरा होता, कापाकापीनं साक्ष खोटी झाली. आणि हा खोटेपणा जिवावर बेतू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी तोडली, तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर, ताप सुरू होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. हे रील पाहून एखाद्या घरानं आपल्या माणसाला खोलीत बसवून फक्त प्रार्थना केली असती तर? खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा व्हिडिओ कापणाऱ्यालाही लागू आहे. हे त्याला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

लाज वाटल्याच्या शंकेसाठी त्याच्याबरोबर बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. भूतबाधेतून सुटलेल्या माणसाला येशू म्हणतो, घरी जा आणि आपल्या लोकांना सांग. याच अध्यायात याईराची १२ वर्षांची मुलगी उठते, तेव्हा तो आईवडील आणि तीन शिष्य सोडून सगळ्यांना बाहेर ठेवतो, कुणाला कळू देऊ नका असं बजावतो, आणि तिला खायला द्यायला सांगतो. देवानं केलेलं काम दोन्हीकडे तेवढंच मोठं, म्हणजे गप्प राहणं ही लाज नव्हे. ताईंच्या साक्षीत तर अर्धी गोष्ट नवऱ्याची होती, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग कामाला लागलो. रील ‘प्रायव्हेट’ केलं. ‘अनलिस्टेड’ पुरत नाही, कारण लिंक असलेल्याला ते दिसतच राहतं. पूर्ण उपासनेच्या व्हिडिओतही तीच साक्ष होती, हे बहुतेक जण विसरतात. तोही आधी प्रायव्हेट केला, यूट्यूबच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापला आणि बदल लागू झाल्याची खात्री करूनच पुन्हा खुला केला. व्हॉट्सॲपवर ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदत जेमतेम अडीच दिवसांची, ती उलटली होती. म्हणून त्यानं एकेका ग्रुपच्या ॲडमिनला फोन केला. ग्रुपवर जाहीर खुलासा टाकू दिला नाही. ज्यांनी पाहिलं नव्हतं, तेही मग शोधू लागतात. दुसऱ्या एका चॅनेलनं रील उचललं होतं. तिथली खासगीपणाची तक्रार ताईंच्याच नावानं करावी लागली. तो शेजारी बसून फॉर्म भरायला मदत करत होता. माफी त्यानं दोघांच्या घरी जाऊन मागितली, नवऱ्याकडे आधी.

मंडळीतल्या ज्येष्ठांची भीती रास्त असली, तरी चॅनेल बंद करणं हा उपाय नव्हे. मराठी ख्रिस्ती मंडळी १८४२ साली अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेव्हापासून माध्यमांत आहे. बदलायची होती ती पद्धत. आता साक्ष आणि प्रार्थनाविनंत्या सुरू झाल्या की थेट प्रक्षेपण थांबतं. एखादी साक्ष टाकायची असेल, तर संमती व्यासपीठावर घेत नाहीत. पाळकसाहेबांसमोर नाही म्हणणं कुणालाही जड जातं. तयार व्हिडिओ त्या व्यक्तीला आणि त्यात उल्लेख असलेल्या प्रत्येकाला घरी दाखवायचा, ७ दिवस विचाराला द्यायचे, मगच लेखी होकार घ्यायचा. होकार नंतर मागे घेतला तर व्हिडिओ त्याच दिवशी उतरवायचा, कारण विचारायचं नाही. आजाराच्या किंवा व्यसनाच्या साक्षीतून उपचाराचा भाग कापायचा नाही. १८ वर्षांखालच्या मुलांचे चेहरे आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत, आणि शाळेचा गणवेश कधीच नाही.

ताई आणि त्यांच्या नवऱ्यानं नवा व्हिडिओ करायला नकार दिला, तरुणानं तो मान्य केला. मुलीसाठी ताई वर्गशिक्षिकांना भेटल्या. रील दाखवू नका, मुलगी सांगेल तेवढंच सांगा, असं त्यांना आधीच सुचवलं होतं. बाईंनी चिडवणाऱ्या मुलांना एकेकटं बोलावून समज दिली. अख्ख्या वर्गासमोर विषय काढला नाही.